पायलट व्हायला किती खर्च येतो? आणि लायसन्स मिळालं की नोकरी लागते का?

दर उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला की रील्स सुरू होतात. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या आणि खाली ‘२०० तासांत पायलट बना’. आकडा खरा आहे. पण २०० तासांनंतर हातात येतं ते लायसन्स, नोकरी नव्हे.

भारतात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, डीजीसीए देतं. त्यासाठी वय किमान १८ हवं आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स असावे लागतात. हे विषय नसतील तर ते ओपन स्कूलमधून देता येतात.

फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या, ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. आधी क्लास टू आणि मग क्लास वन, अशा दोन तपासण्या होतात. सीपीएलसाठी क्लास वन लागतंच. चष्मा असला तर अडत नाही, नंबर मर्यादेत असावा आणि चष्म्याने नजर पूर्ण यावी. पण रंग ओळखण्यात दोष असेल तर तो इथेच समोर येतो. दहा-पंधरा लाख भरून झाल्यावर हे कळणं घराला परवडत नाही.

मग अभ्यास. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे डीजीसीएचे पेपर. पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. बरीच मुलं हे पेपर उड्डाण सुरू होण्याआधीच काढून टाकतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

आता ते २०० तास. त्यातले १०० तास विमान तुमच्या जबाबदारीवर असतं, शेजारी इन्स्ट्रक्टर नसतो. एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा करावा लागतो आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावं लागतं. रात्रीचं उड्डाणही करावं लागतं. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर इथे प्रशिक्षणाची सोय आहे. कुठेही जा, विमानं किती, त्यातली चालू किती आणि इन्स्ट्रक्टर किती, हे आधी विचारा. ‘एका वर्षात पूर्ण’ असं सांगितलं जातं, पण पावसाळ्यात ढग खाली आले की छोटी विमानं दिवसेंदिवस जमिनीवरच राहतात. एखादं दुरुस्तीला गेलं की रांग आणखी वाढते. त्यात हॉस्टेलचं भाडं चालूच. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना गाठून ‘तुझे २०० तास किती महिन्यांत झाले?’ एवढं विचारलं, तरी माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

खर्च साधारण ४० ते ६० लाख. परदेशात शिकलात तरी इथे उडवायला डीजीसीएचे पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं.

आणि इथेच बहुतेकांचं बजेट संपतं. सीपीएल होतं छोट्या विमानावर, एअरलाइन उडवते एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७. त्या विमानाचं टाइप रेटिंग सिम्युलेटरवर वेगळं करावं लागतं आणि त्यासाठी आणखी १५ लाखांच्या आसपास लागतात. काही एअरलाइन्सचे कॅडेट प्रोग्राम आहेत. त्यात निवड आधी होते, पण एकूण खर्च कोटीच्या घरात जातो. एवढ्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. बापाची जमीन किंवा राहतं घर तिथेच अडकतं.

भरती तर लाटेसारखी. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात आले. पाठोपाठ २०२० चा लॉकडाऊन. त्या काळात लायसन्स घेतलेल्या नव्या मुलांना थांबावंच लागलं. रिकामं बसलं तरी मेडिकल आणि रेटिंग चालू ठेवायला खिशातूनच पैसे जातात. हप्ताही थांबत नाही.

नोकरी लागली की सुरुवात फर्स्ट ऑफिसर म्हणून. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्यासाठी किमान १,५०० तास हवेत. पगार तेव्हा खऱ्या अर्थाने वाढतो.

म्हणून हिशोब मांडताना ट्रेनिंगची फी, टाइप रेटिंग आणि नोकरीविना जाणारं किमान दीड-दोन वर्षं, असे तिन्ही आकडे एकाच कागदावर लिहा. मग घरच्यांना तो कागद दाखवा.