विबोर्गचे कॅथीड्रल आणि प्राध्यापक होयेन

डेन्मार्कमध्ये १५३६ साली राजाज्ञेने धर्मसुधारणा अंमलात आली आणि त्या देशातील कॅथलिक देवालये लुथरपंथीयांच्या हाती गेली. मठ ओस पडले, बिशपांची मालमत्ता राजाने ताब्यात घेतली. पण दगडांना धर्मांतर करता येत नाही. १२ व्या शतकातील कमानी, खांब आणि तळघरे जेथल्या तेथे उभी राहिली. हरपली ती त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी. पुढील तीनशे वर्षांत या वास्तूंची डागडुजी झाली, त्यांना चुना फासला गेला, त्यांत प्रार्थना होत राहिल्या. पण त्या सुंदर आहेत आणि त्यांना स्वतःचा इतिहास आहे, असे म्हणणारा माणूस दुर्मीळ होता. ती दृष्टी डॅनिश समाजाला परत देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती म्हणजे डेन्मार्कचे पहिले कला-इतिहासकार मानले जाणारे नील्स लॉरिट्स होयेन (१७९८-१८७०). आणि त्यांच्याच विचारांच्या प्रभावाने त्या देशातील एक अत्यंत प्राचीन कॅथीड्रल भुईसपाट झाले, हेही तितकेच खरे आहे.

होयेन यांचा जन्म कोपनहेगनचा. १८२२ ते १८२५ या काळात त्यांनी जर्मनी आणि इटलीचा प्रवास केला आणि तेथे एक सवय अंगी बाणवून घेतली : कलाकृतीविषयी दुसऱ्याने काय लिहिले आहे ते बाजूला ठेवायचे आणि मूळ चित्रासमोर तासन्‌तास उभे राहायचे. मायदेशी परतल्यावर राजाच्या चित्रसंग्रहातील कोणते चित्र खरोखर कोणाच्या हातचे, यावर त्यांनी निर्भीडपणे वाद घातला. १८२९ साली ते कोपनहेगनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाले आणि १८३९ साली त्याच राजसंग्रहाच्या व्यवस्थेत त्यांना अधिकाराचे स्थान मिळाले. त्यांनी ग्रंथ मात्र फारसे लिहिले नाहीत. त्यांचे सामर्थ्य वाणीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर जे. एल. उसिंग या विद्वानाने त्यांचे लेखन व व्याख्याने १८७१ ते १८७६ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्याला त्यांचे विचार एकत्र वाचता येतात.

१८३० नंतर होयेन यांनी जटलंड द्वीपकल्पातील जुनी देवालये पायाखाली घातली. नैऋत्य किनाऱ्यावरील रीब हे गाव म्हणजे संत अन्स्गार यांनी ९ व्या शतकात जेथे ख्रिस्तमंदिर उभारले ते स्थान. तेथील कॅथीड्रलसाठी ऱ्हाईन नदीच्या प्रदेशातून ज्वालामुखीजन्य टफ दगड जहाजांनी आणला गेला होता. होयेन तरुण चित्रकारांना सांगत, रोमची वाट धरण्यापूर्वी हे पाहा. योर्गेन रोएड या चित्रकाराने १८३६ साली रीब कॅथीड्रलचा अंतर्भाग रंगविला, त्यामागे हीच शिकवण होती.

विबोर्गचे कॅथीड्रल ग्रॅनाइटचे. १२ व्या शतकात त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याच शतकात तेथे सेवा करणारे संत शेल १११५ नव्हे, ११५० साली निवर्तले आणि ११८९ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या अवशेषांची पेटी धर्मसुधारणेनंतरही, लुथरपंथीयांच्या ताब्यातल्या त्या मंदिरात, कितीतरी काळ टिकून राहिली. १७२६ च्या भीषण आगीत ती नष्ट झाली. आगीनंतर कॅथीड्रलची दुरुस्ती त्या काळाला रुचणाऱ्या बरोक शैलीत करण्यात आली. होयेन यांना सलत होते ते हेच. जळाल्यानंतर चढविलेल्या या पोशाखाखाली मूळचे रोमनेस्क मंदिर दडले आहे, अशी त्यांची खात्री होती.

मूळ रूपाची ही ओढ त्यांच्या कलाविचारातही दिसते. २३ मार्च १८४४ रोजी त्यांनी स्कँडिनेव्हियन राष्ट्रीय कलेच्या विकासावर एक व्याख्यान दिले. कलावंतांनी परदेशी प्रतिष्ठेचा मोह सोडावा, कोळी आणि शेतकरी यांच्यात मिसळावे, कारण उत्तरेचे जुने जीवन तेथेच शिल्लक आहे, असा त्यांचा आग्रह होता. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी थोर शिल्पकार थोरवाल्डसेन यांचे निधन झाले. थोरवाल्डसेन म्हणजे रोममध्ये आयुष्याचा मोठा भाग घालविलेला डॅनिश माणूस. लुथरपंथीय असूनही संत पेत्राच्या महामंदिरात पोप सातवे पायस यांचे स्मारक त्यांनीच घडविले. एक युग संपत असताना दुसऱ्याची घोषणा झाली, असे पुढच्या पिढीला वाटले तर नवल नाही.

होयेन यांच्या हाकेला चित्रकारांनी उत्तम प्रतिसाद दिला. फ्रेडरिक व्हेरमेहरेन यांचा माळरानावर उभा असलेला जटलंडचा मेंढपाळ (१८५५) पाहावा. त्या चित्रात काहीच घडत नाही, आणि तरी नजर हटत नाही. परंतु १८४८ ते १८५० आणि पुन्हा १८६४ साली जर्मनांशी युद्धे झाली, श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गेले, आणि राष्ट्रीय कलेचा आग्रह हळूहळू कुंपण बनला. कलाक्षेत्रात 'गोरे' आणि 'सावळे' असे दोन तट पडले. सावळे म्हणजे युरोपाकडे पाहणारे. पोलंडमध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ येरिखाउ-बाउमान यांच्यासारख्या समर्थ चित्रकर्तीला परदेशांत मान मिळाला, पण या वातावरणात त्या परक्याच ठरल्या. माझ्या मते होयेन यांच्या कार्यातील ही उणी बाजू होय. लोकजीवनाकडे पाहा, हे सांगणे योग्यच होते. पण इतरत्र पाहू नका, असा त्याचा अर्थ झाला तेव्हा कलेचे नुकसान झाले.

विबोर्गलाही तोच विचार नडला. १८६० नंतरच्या दशकात कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराला हात घातला गेला. मूळ रोमनेस्क रूप परत आणायचे, हा हेतू. नेबेलाँग, थोले आणि स्टॉर्क हे वास्तुशिल्पी एकामागून एक या कामावर होते. नंतरची भर काढता काढता जुन्या भिंतीही उतरविल्या गेल्या आणि १२ व्या शतकाच्या धाटणीचे नवे कॅथीड्रल उभे राहिले. १८७६ साली त्याचा अभिषेक झाला. होयेन त्यापूर्वीच, १८७० साली, वारले होते. ज्या धर्मग्रामात छत गळते, तेथील धर्मगुरूला जुने जपावे की नवे बांधावे हा प्रश्न ठाऊक असतो. विबोर्गचे वैशिष्ट्य असे, की तेथे जुने पाडले गेले ते जुन्याच्या प्रेमापोटी. बरोक दुरुस्ती होयेन यांना विद्रूप वाटली; पण तीही दीडशे वर्षांच्या उपासनेची साक्ष होती, आणि तिच्या आत संत शेल यांच्या काळातले ग्रॅनाइट होते.

या नव्या भिंती बरीच वर्षे कोऱ्याच राहिल्या. १९०१ ते १९०६ या काळात योआकिम स्कोवगार्ड यांनी त्यांवर बायबलमधील प्रसंगांची भव्य भित्तिचित्रे रंगविली. त्यांचे वडील पी. सी. स्कोवगार्ड हे होयेन यांच्या निकटच्या चित्रकारांपैकी एक. डेन्मार्कची बीचची वने त्यांनी राष्ट्रीय कलेच्या त्याच ध्येयाने रंगविली होती. मुलगा मात्र इटली आणि ग्रीस पाहून आला होता आणि बिझांटाइन चित्रकलेचा संस्कार त्याच्या भित्तिचित्रांत लपत नाही. आज लोक विबोर्गला जातात ते मुख्यतः ही चित्रे पाहण्यासाठी. ज्यांना होयेन यांनी पाहिलेले कॅथीड्रल पाहायचे असेल, त्यांना वेदीखालच्या तळघरात उतरावे लागते. १२ व्या शतकातला तेवढाच भाग तेथे शिल्लक आहे.