मुळगावच्या तिठ्यावर

इतिहासाला सैन्याच्या वाटा ठाऊक असतात, बाजारकरणीच्या नसतात. शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, हे आपण अभिमानाने सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, हेही कागदोपत्री सापडते. पण याच काळात मुळगावची एखादी बाई डोक्यावर पाटी घेऊन कोणत्या बांधावरून, कोणता साकव ओलांडून डिचोलीच्या बाजाराला जात होती, हे कोणत्याही दप्तरात नाही.

ही उणीव ओळखणारा इतिहासकार गोव्याच्याच मातीतला. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). वडील धर्मानंद १८९९ साली ज्ञानाच्या ओढीने गोव्याबाहेर पडले आणि नेपाळपर्यंत जाऊन आले. मुलाने पुण्याचा परिसर पायांखाली घातला. देवींची जुनी ठाणी कोठे आहेत हे तो पाहत गेला आणि त्याच्या ध्यानात आले की, आज आडरानात वाटणारी अनेक ठाणी प्राचीन पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत. हे विवेचन त्याच्या १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी कोपनहेगन शहराने आपला मुख्य रस्ता मोटारींना बंद केला आणि पुढे यान गेल हा वास्तुकार तेथे उभा राहून चालणारी माणसे मोजू लागला. एकाने वाटेवरून भूतकाळ वाचला, दुसऱ्याने वर्तमान. दोघांचे साधन एकच होते, उभे राहून पाहणे.

ही दृष्टी घेऊन मुळगावात यावे. येथील केळबाय, शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असे लोक मानतात. त्यांतली एक ख्रिस्ती झाली तरी नाते तुटले नाही. यांतील मुळगाव, शिरगाव आणि मये ही तर शेजारचीच गावे. म्हापसाही सकाळी निघालेल्या माणसाला उन्हे उतरण्याआधी गाठता येईल असे. मला वाटते, देवतांचे हे नाते म्हणजे चालणाऱ्यांनीच काढून ठेवलेला नकाशा आहे. जिथवर पाय जात, तिथवर माहेर-सासर पसरे.

या नकाशावर पहिली काट राजकारणाने मारली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही पत्रादेवीला चालत आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. दोडामार्ग आणि डिचोली यांच्यामधल्या सोयरिकी डिसेंबर १९६१ पर्यंत पारख्या झाल्या.

दुसरी काट खाणीने मारली. लोहखनिजाने डिचोलीला पैसा दिला, पण डोंगर पोखरले, शेतांत माती उतरली आणि रस्ता ट्रकचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा ती वर्दळ थांबली. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. रस्ता रुंद करताना ट्रकचा विचार होतो. चालणाऱ्याने कोठे जावे याचा नाही.

म्हणून तिठ्यावर घटकाभर उभे राहावे. माणूस काटकोनात वळत नाही, तिरका जातो. तेथेच गवत मरते आणि वाट उमटते. पावसात तीच वाट बांधावर सरकते. पूर्वी पोदेर घुंगरांची काठी आपटीत पायी येई. मग तो सायकलवर आला. भोंपूचा आवाज ऐकून कोण दारात येते, हेही तिठ्यावरूनच कळते. शाळेची मुले जोडीने चालू पाहतात आणि मागून चाक वाजले की एकेरी होतात. त्या क्षणी रस्ता कोणाचा, याचा निवाडा होऊन जातो.

हे पाहणे रिकामपणाचा उद्योग नव्हे. वैशाख शुद्ध पंचमीला बेतकाठी घेतलेले हजारो धोंड शिरगावी लोटतात, तळीवर स्नान करतात, होमखणाकडे जातात. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि माणसे दगावली. कारणांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण उतारावर गर्दी कशी धावते, अरुंद वाटेत दोन प्रवाह कोठे भिडतात, हे वर्षानुवर्षे तेथे उभ्या राहणाऱ्या दुकानदाराला आणि म्हाताऱ्या धोंडाला ठाऊक असते. त्यांना विचारून, पाहून, कागदावर उतरवून ठेवण्याची रीत आपल्याकडे पडली नाही.

राजांच्या स्वाऱ्या नोंदणाऱ्या बखरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. आता गावागावाने आपल्या तिठ्याची एक वही घालावी. मुळगावाने ती आधी घालावी; केळबायच्या वाटेवर अजून पाय पडताहेत, तोवरच.