लाकडी चमच्याचा मानकरी

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ झाले आणि मराठी माणसाने तो किताब त्यांच्या नावाला कायमचा जोडला. रँग्लर म्हणजे मुळात वाद घालणारा. तिथली जुनी परीक्षा तोंडी वादाची असे. त्याच ऑनर्स यादीतल्या शेवटच्याला विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव ‘वुडन स्पून’. पदवीदानाच्या वेळी त्याच्यासाठी सज्जातून खराच लाकडी चमचा खाली सोडत. १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली, चमचाही गेला. शब्द मात्र खेळाच्या मैदानावर तळाच्या संघासाठी आजही वापरतात. मला एवढेच खटकते, की चमचेवाला नापास नव्हता. ऑनर्स मिळवूनच तो शेवटचा आला होता. थट्टेच्या शब्दात त्याचे ऑनर्स हरवले.