चूक जॉकीची, शिक्षा घोड्याला?

अश्वशर्यतीत अंतिम रेषा सर्वप्रथम ओलांडणारा घोडा विजेता ठरेलच, असे नाही. धावताना त्याने दुसऱ्या घोड्याची वाट अडवली असल्यास 'स्ट्युअर्ड', म्हणजेच शर्यतीचे पंच, चित्रफीत पाहून आणि जॉकींचे म्हणणे ऐकून निकाल बदलू शकतात. तो केव्हा बदलावा, याविषयी मात्र अश्वशर्यतींच्या जगात दोन मतप्रवाह आहेत.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग येथे अडथळ्याचा निकालावर परिणाम झाला का, हा प्रश्न मुख्य मानला जातो. अडवला गेलेला घोडा एरवीही मागेच राहिला असता, असे पंचांचे मत झाल्यास क्रमांक कायम राहतात. जॉकीवरील कारवाई स्वतंत्रपणे होते. २०१० च्या जपान कपमध्ये ब्युएना व्हिस्टा ही घोडी पहिली आली; पण अडथळ्याबद्दल तिला दुसरे स्थान देऊन रोझ किंगडमला विजयी घोषित करण्यात आले. पुढे जपानने २०१३ पासून, तर फ्रान्स व जर्मनीने २०१८ पासून ब्रिटनसारखीच पद्धत स्वीकारली.

अमेरिकेत निकष अधिक कडक आहे. अडवल्या गेलेल्या घोड्याची वरच्या क्रमांकाची संधी हुकली, असे दिसल्यास दोषी घोडा त्याच्या मागे टाकला जातो. २०१९ च्या केंटकी डर्बीत सुमारे २२ मिनिटांच्या चौकशीनंतर पहिला आलेला मॅक्सिमम सिक्युरिटी १७ व्या स्थानी गेला आणि ६५ ला १ असा भाव असलेला कंट्री हाउस विजेता ठरला. अडथळ्यासाठी विजेता बदलण्याची त्या डर्बीतील ही पहिलीच वेळ होती.

जॉकीच्या चुकीची किंमत सर्वोत्तम घोडा, त्याचा मालक आणि पैज लावणारे यांनी का मोजावी, असा एका पक्षाचा सवाल आहे. त्यावर, विजय हातात राहणार असेल तर मोठ्या बक्षिसासाठी जॉकी काही दिवसांची बंदी आनंदाने सोसतील, असे दुसरा पक्ष सांगतो. भरधाव कळपात एक घोडा कोसळला, तरी माणूस व जनावर दोघांच्याही जिवावर बेतते.

निषिद्ध औषधांबाबत मात्र दुमत नाही. डान्सर्स इमेजचे १९६८ च्या आणि मेडिना स्पिरिटचे २०२१ च्या केंटकी डर्बीचे विजेतेपद त्याच कारणाने गेले. तोवर पैजांचे पैसे चुकते झाले होते आणि ते तसेच राहिले.

चाबकाच्या बाबतीत ब्रिटननेही २०२३ मध्ये कठोर भूमिका घेतली. तेथे सपाट शर्यतीत सहा, तर उड्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. तीहून चार किंवा अधिक फटके मारल्यास घोडाच बाद होतो. केवळ जॉकीला शिक्षा करून भागत नाही, हे त्या नियमाने एका परीने मान्य केले आहे.