संकरित मोटार आणि काटकसरीची परंपरा

‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या खेड्यांना नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, आणि तेव्हापासून हायब्रीड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टपोरे कणीस उभे राहते. दोन जातींचे गुण एका रोपात आणायचे, ही त्यामागची कल्पना. आता हाच शब्द मोटारीला लागला आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत. एक हटून बसले तर दुसरे ओढील, आणि दोघे मिळून थोडक्या पेट्रोलात लांबचा पल्ला गाठतील, असा हा संसार. परंतु संकरित बियाणे आणले म्हणून पीक आपोआप येत नाही; पाण्याची पाळी आणि खताची मात्रा सांभाळावी लागते. मोटारीचेही तसेच आहे. हे मला पुस्तकातून कळले नाही, घरातल्या एका प्रसंगातून कळले.

माझे मेव्हणे माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. घर तालुक्याच्या गावी, शाळा चाळीस किलोमीटरवर. रोजची जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरची रपेट. त्यांनी हिशेब मांडून, कर्ज काढून एक संकरित मोटार घेतली. पेट्रोलच्या बचतीतून हप्त्याचा काही भाग सुटेल असा बेत होता. तीन महिन्यांनी भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाले, “दाजी, फसलो की हो! लिटरला सतरा किलोमीटरसुद्धा धड पडत नाहीत. विकून टाकावी म्हणतो.”

मी इतिहासाचा माणूस. मोटारीतले मला काय कळणार? पण ही कल्पना आली कोठून, हे शोधण्याची खोड मला स्वस्थ बसू देईना.

शोधता शोधता मी शंभराहून अधिक वर्षे मागे, थेट व्हिएन्ना शहरात जाऊन पोचलो. तेथे लोहनर नावाचा गाड्या बनविणारा कारखाना होता, आणि त्यात फर्डिनांड पोर्शे नावाचा तरुण काम करी. त्याने चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी बसविल्या. ती विजेची गाडी १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात गाजली. पण बॅटरी अतिशय जड आणि पल्ला थोडा. तेव्हा त्याने गाडीवर पेट्रोलची छोटी इंजिने चढविली; त्यांनी जनित्र फिरवावे आणि जनित्राने वीज पुरवावी. त्याच सुमारास बेल्जममधील लिएज येथे आन्री पीपर याने निराळी युक्ती काढली. सपाट रस्त्यावर इंजिनाने गाडी ओढावी, उरलेल्या शक्तीने बॅटरी भरावी, आणि चढ लागला की मोटरीने हात द्यावा. पूर्वी भरल्या गाडीला घाटाच्या पायथ्याशी जादा बैल जुंपत; त्यातलाच हा प्रकार. त्याला अमेरिकेतील पेटंट १९०९ साली मिळाले. पुढे १९१६ च्या सुमारास शिकागोच्या वूड्स कंपनीनेही अशी दुहेरी शक्तीची मोटार विकायला काढली. ताशी पंधरा मैलांपर्यंत ती विजेवर चाले, पुढे इंजिन सुरू होई.

मग ही मोटार लोपली का? कारणे साधी आहेत. १९०८ साली फोर्डची स्वस्त मोटार आली. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. पेट्रोलही मुबलक होते. ज्या वस्तूला किंमत नाही तिची काटकसर कोण करील? तेल स्वस्त होते तोवर संकरित मोटार ही एक गंमत ठरली.

परंतु त्या मोटारीतला जो सर्वांत मोलाचा विचार, तो आपल्या सह्याद्रीत वर्षानुवर्षे राबत होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट आणि नाशिककडे जाताना थळघाट लागतो. तेथील रेल्वेचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. १९२९-३० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने या घाटांतून विजेच्या गाड्या सुरू केल्या. मालगाड्यांसाठी जी इंजिने आणली त्यांना कामगार ‘खेकडा’ म्हणत. हा खेकडा घाट चढताना तारेतून वीज घेई आणि उतरताना त्याच तारेत वीज परत टाकी! उतारावर गाडीचे वजन चाके फिरवी, चाके मोटर फिरवीत आणि मोटर जनित्र बनून जाई. वीज निर्माण करण्याच्या त्या ओझ्यानेच गाडी आवरली जाई. ब्रेकचे ठोकळे झिजत नसत, आणि खाली येणाऱ्या गाडीची वीज वर चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. असा एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवला आहे. सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनी तो मुलांना जरूर दाखवावा.

हे तत्त्व वर्गात शिकवायला यंत्रशाळा लागत नाही. जुन्या सायकलीला दिव्यासाठी डायनामो असतो. तो चाकाला टेकवला की सायकल लगेच जड लागते. दिवा पेटतो तो आपल्या पायांच्या जोरावर. जनित्र हाच ब्रेक, आणि ब्रेक हेच जनित्र. संकरित मोटारीचे सारे रहस्य त्या डायनामोत आहे.

आता थोडे गणित करू. बाराशे किलो वजनाची मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली असता तिच्या अंगी सुमारे एक लाख सदुसष्ट हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलात सुमारे सव्वातीन कोटी ज्यूल असतात. त्यातला चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो असे धरले, तर साठच्या वेगावरून गाडी पन्नासएक वेळा पूर्ण थांबविणे म्हणजे एक लिटर पेट्रोल ब्रेकवर जाळणे होय. साधी मोटार ही सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत घालवून बसते. संकरित मोटार तिच्यातला काही भाग बॅटरीत परत घेते. सगळा नव्हे, काही भाग.

तेलाची किंमत जगाला कळली ती १९७३ साली. त्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्याकडे त्या नोव्हेंबरात काही खासदार निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेने १९७४ साली वेगाची मर्यादा ताशी पंचावन्न मैलांवर आणली. त्याच वर्षी व्हिक्टर वूक या अभियंत्याने संकरित केलेली एक ब्यूइक मोटार तेथील सरकारी प्रयोगशाळेत तपासली गेली. पण सरकारने पुढे मदत केली नाही. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था उभी राहिली. ‘ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर वेगाने चला, सिग्नलला इंजिन बंद करा’ हा तिचा उपदेश आपण पुष्कळांनी ऐकला आहे.

जपानने मात्र चिकाटी धरली. टोयोटा कारखान्यात १९९३ साली एकविसाव्या शतकाच्या मोटारीचा विचार सुरू झाला. ताकेशी उचियामादा हे त्या कामाचे मुख्य अभियंता. आधी ठरले की इंधनाची बचत दीडपट करू. वरिष्ठ म्हणाले, दुप्पट करा. पहिली नमुन्याची गाडी तयार झाली तेव्हा ती जागची हलेना. एकोणपन्नास दिवस दोष शोधण्यात गेले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रियस’ बाजारात आली. जपानी चाचणीत तिने लिटरला अठ्ठावीस किलोमीटर दिले. पुढे ती अमेरिकेत गेली तेव्हा एक गंमत दिसली. साधी मोटार हमरस्त्यावर अधिक पल्ला देते. ही मात्र गॅलनला शहरात ५२ मैल आणि हमरस्त्यावर ४५ मैल अशा आकड्यांची होती. जेथे थांबणे-निघणे अधिक तेथे हिची कमाई अधिक. भारतातही २०२२ पासून अशा मोटारी बऱ्याच दिसू लागल्या. कागदावरचे आकडे लिटरला सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जातात. पण हे आकडे प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून काढलेले असतात. रस्त्यावर खड्डे असतात, वारा असतो आणि मुख्य म्हणजे चालकाचा पाय असतो.

इतके समजल्यावर मी मेव्हण्यांच्या गाडीत बसून शाळेपर्यंत जाऊन आलो. सोबत आमचे शेजारी अण्णा यांना घेतले. अण्णांची हयात एस. टी. चालविण्यात गेली. मेव्हणे हमरस्त्यावर नव्वद-शंभरने गाडी पळवीत, गाव आले की करकचून ब्रेक दाबीत, आणि गतिरोधक ओलांडला की पुन्हा पाय खोल दाबीत. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गुरुजी, पुढं थांबायचंय हे दिसतंय ना? मग आसूड कशाला ओढता? एका हातानं आसूड अन् दुसऱ्या हातानं कासरा! बैल बिचारा काय करील?”

श्रोतेहो, या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. संकरित गाडीचा ब्रेक हळू आणि आधीपासून दाबला तर थांबविण्याचे काम जनित्र करते आणि वीज बॅटरीत जाते. एकदम दाबला की जनित्राला तेवढा भार पेलत नाही. साधे ब्रेक लागतात आणि कमाई उष्णतेत जाते. दुसरी गोष्ट वेगाची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचे नव्वद केले की वेग दीडपट होतो, पण अडथळा सव्वादोन पट. वाऱ्याला दिलेले पेट्रोल कोणतीही बॅटरी परत आणीत नाही.

तिसरी गोष्ट मेव्हण्यांनाही नवी होती. इंजिन सुरूच होऊ नये म्हणून ते कधीकधी गोगलगायीसारखे निघत. हे चुकीचे. बॅटरीतली वीज शेवटी बहुतांशी पेट्रोलातूनच येते, आणि भरताना व काढताना थोडी सांडते. म्हणून निघताना मध्यम जोराने वेग घ्यावा आणि मग पाय हलका करावा. टायरांतील हवा गाडी थंड असताना तपासावी. उभ्या गाडीत थंड हवेचे यंत्र चालू ठेवू नये. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. गावातली चार कामे एकाच फेरीत उरकावीत, कारण थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते.

आणि एक इशारा. घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची खोड आपल्याकडे आहे. ती जिवावर बेतू शकते, आणि संकरित गाडीत तर वीजही मिळत नाही. शिवाय खेकडा आणि मोटार यांत एक भेद आहे. खेकड्याची वीज वर चढणारी दुसरी गाडी घेई. मोटारीची बॅटरी लहान. लांब उतारावर ती लवकर भरते आणि मग सारा भार ब्रेकवर पडतो. म्हणून पुष्कळ गाड्यांत उतारासाठी इंजिनाने रोखण्याची सोय दिलेली असते. घाटात तीच वापरावी, सपाटीवर नव्हे.

मेव्हण्यांनी महिनाभर अण्णांचे ऐकले. तीच वाट, तीच गाडी. पण लिटरला तेवीस किलोमीटर पडू लागले. महिन्याला चोवीस दिवस, दिवसाला ऐंशी किलोमीटर, म्हणजे सुमारे २९ लिटरांची बचत. शाळेत पोचायला सात-आठ मिनिटे जास्त लागू लागली, इतकेच. गाडी विकण्याची भाषा बंद झाली.

मला मात्र एका जुन्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची आठवण होते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट यंत्रे वाढतात आणि कोळसा अधिक जळतो, असे त्याने दाखवून दिले. मोटारीलाही हे लागू आहे. स्वस्तात फिरता येते म्हणून दुप्पट फिरलो, तर वाचविलेले पेट्रोल त्याच वाटेने जाईल. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा पंच्याऐंशीहून अधिक बाहेरून आणतो; तेव्हा हा प्रश्न केवळ एका घरच्या हप्त्याचा नाही.

हे मी मेव्हण्यांना बोलून दाखविले. ते हसले, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात फोन आला. “दाजी, आता गाडीत चौघं जातो. आमच्याच शाळेतले तिघं शिक्षक वाटेवर उभे असतात. पेट्रोल वाटून घेतो.”

व्हिएन्नाच्या कारागिराने एका गाडीत दोन शक्ती जुंपल्या. आमच्या शिक्षकांनी एका गाडीत चार माणसे बसविली. काटकसरीच्या इतिहासात मला दोन्ही शोध सारख्याच तोलाचे वाटतात.