'बिग बॉस' स्क्रिप्टेड असतं का? कॅमेऱ्यामागे नेमकं काय चालतं?

'बिग बॉस'चं नवं पर्व सुरू झालं की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट आवडत्या स्पर्धकासाठी हॅशटॅग चालवतो. दुसरा गट प्रत्येक भांडणाखाली एकच कमेंट टाकतो, "सगळं स्क्रिप्टेड आहे."

खरं उत्तर या दोन्हींच्या मधे आहे. घरातल्यांच्या हातात संवाद लिहिलेले कागद नसतात. पण भांडण कुठे, कधी आणि कोणामध्ये होऊ शकतं, याची तयारी आधीच केलेली असते. ही तयारी कशी होते आणि ती अंगाशी आल्यावर जबाबदारी कोणाची असते, ते समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

नेदरलँड्समधले निर्माते जॉन डी मोल यांनी 'बिग ब्रदर' हा शो आणला. पहिला भाग १६ सप्टेंबर १९९९ रोजी दिसला. नाव घेतलं होतं जॉर्ज ऑरवेल यांच्या '१९८४' या कादंबरीतून, जिथे सरकार नागरिकांवर सतत नजर ठेवतं. पुढे हा फॉरमॅट देशोदेशी विकला गेला.

भारतात तो २००६ मध्ये 'बिग बॉस' नावाने सोनी टीव्हीवर आला, सूत्रसंचालक होते अर्शद वारसी. दुसऱ्या पर्वापासून तो कलर्सकडे गेला. मराठी 'बिग बॉस' एप्रिल २०१८ मध्ये महेश मांजरेकरांसोबत सुरू झालं आणि २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख सूत्रसंचालक झाले.

मग नाट्य घडतं कसं?

पहिली पायरी म्हणजे निवड. एकमेकांशी न पटणारी, वेगळ्या वयाची, वेगळ्या थरातली, कधी जुना वाद असलेली माणसं मुद्दाम एकत्र आणली जातात.

दुसरी पायरी म्हणजे घर. आत घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. भिंतींवरचे अनेक आरसे एकतर्फी काचेचे असतात आणि त्यांच्या मागे कॅमेरे असतात. अलीकडच्या हिंदी पर्वांत कॅमेऱ्यांची संख्या शंभराच्या आसपास गेली आहे. बाहेरच्या जगाची खबर नसली की चहाच्या पावडरीवरूनही महायुद्ध होतं.

तिसरी पायरी म्हणजे टास्क. रेशन कमी करायचं, कॅप्टनला जास्तीचे अधिकार द्यायचे, मित्रालाच नॉमिनेट करायला लावायचं. संवाद स्पर्धकाचे, पेच मात्र निर्मात्यांचा.

चौथी आणि सगळ्यात ताकदीची पायरी म्हणजे एडिटिंग. २४ तासांमधून आपल्यासमोर येतो साधारण एक तास. चिडलेला चेहरा दिसतो, पण त्याआधी दोन तास त्याला कोणी डिवचलं हे कापलेलं असू शकतं. मग वीकेंडला सूत्रसंचालक चावडीवर याच घटनांचा हिशोब मांडतो आणि आठवड्याची गोष्ट पक्की होते.

आणि तो आवाज? हिंदीत घरातल्यांशी बोलणारा 'बिग बॉस' म्हणजे अतुल कपूर. निवेदन करणारा आवाज वेगळा, तो विजय विक्रम सिंह यांचा. ते फक्त निवेदक आहेत. तरीही आवडता स्पर्धक बाहेर पडला की लोक आपल्याला आणि कुटुंबाला ऑनलाइन शिव्या देतात, असं त्यांनी सांगितलं आहे.

पेच टाकला आणि हाताबाहेर गेला

२००४ चं ब्रिटिश 'बिग ब्रदर' याचं ठळक उदाहरण आहे. दोन स्पर्धकांना घराबाहेर काढल्याचं नाटक केलं गेलं. प्रत्यक्षात त्यांना शेजारच्या खोलीत ठेवलं आणि बाकीचे त्यांच्याबद्दल काय बोलतात ते पडद्यावर दाखवलं. काही दिवसांनी त्यांना परत आत सोडलं. त्याच रात्री एवढं भांडण पेटलं की सुरक्षारक्षकांना घरात शिरावं लागलं, थेट प्रक्षेपण तोडलं गेलं आणि पोलिसांनीही दखल घेतली. एक ओळही लिहून दिलेली नव्हती. पण माणसं भडकतील अशी व्यवस्था कोणी केली होती, हे उघड होतं.

जे दाखवलं नाही, तेच पुरावा ठरलं

जानेवारी २००७. ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टी होती. जेड गुडी आणि इतर काही जणांनी तिच्या उच्चारांवरून, स्वयंपाकावरून टोमणे मारले. वर्णद्वेषाचा आरोप झाला आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेकडे ४४,५०० हून जास्त तक्रारी गेल्या. पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जाळले गेले. प्रायोजक कंपनीने हात काढून घेतले.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. काही स्पर्धकांनी वर्णद्वेषी शब्दाकडे इशारा करणाऱ्या ओळी जुळवल्याचं चित्रीकरण झालं होतं, पण ते दाखवलं गेलं नव्हतं. म्हणजे प्रेक्षकांना दिसलं त्याहून जास्त काही निर्मात्यांकडे होतं आणि ते चॅनेलपर्यंत नीट पोचलं नव्हतं. ऑफकॉमने चॅनेल फोरला दोषी धरलं आणि निकालाचा सारांश तीन वेळा प्रसारित करायला लावला.

शिल्पा ६३ टक्के मतं घेऊन जिंकली. पुढच्या वर्षी ती 'बिग बॉस'ची सूत्रसंचालक झाली आणि त्याच घरात स्पर्धक म्हणून आली जेड गुडी. काही दिवसांतच तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याची बातमी आली. ती बातमीही तिला त्या घरातच कळवली गेली. ती लगेच ब्रिटनला परतली. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी तिचं निधन झालं.

स्पेनचं प्रकरण याहून गंभीर आहे. २०१७ च्या पर्वात एका स्पर्धक तरुणीवर घरातच लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी तिला कन्फेशन रूममध्ये बोलावून ते चित्रीकरण दाखवलं गेलं. तिची प्रतिक्रियाही कॅमेऱ्यात टिपली जात होती. हा व्हिडिओ २०१९ मध्ये बाहेर आल्यावर अनेक कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या.

बाहेरचा कायदा आत शिरतो तेव्हा

भारतातही भिंत अनेकदा ओलांडली गेली. २०१३ मध्ये एका स्पर्धकाने दुसऱ्यावर मारहाणीची तक्रार केली आणि लोणावळ्याच्या घरातून पोलिसांनी त्याला अटक केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिडदी इथलं कन्नड 'बिग बॉस'चं घर प्रदूषणाचे नियम मोडल्यावरून सील झालं. स्पर्धकांना एका रिसॉर्टवर हलवावं लागलं.

काही गोष्टी मात्र एपिसोडचा विषय होत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये हिंदी पर्वाच्या टीममधल्या २४ वर्षांच्या तरुणीचा वीकेंडचं शूटिंग संपवून निघाल्यावर गोरेगावच्या फिल्म सिटीत अपघाती मृत्यू झाला. पडद्यावर न दिसणारी शेकडो माणसं या खेळासाठी रात्री उशिरापर्यंत राबत असतात.

जबाबदारी कोणाची?

ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका रिअॅलिटी शोमधल्या सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर नियमांचा फेरविचार झाला. एप्रिल २०२१ पासून कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची योग्य काळजी घेणं ही प्रसारकांची जबाबदारी ठरली.

भारतात चर्चेचा रोख वेगळा राहिला. २०१० मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने 'बिग बॉस' रात्री ११ नंतर दाखवण्याचा आदेश काढला. चॅनेल मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि आदेशाला स्थगिती मिळाली. २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने तक्रारींसाठी बीसीसीसी ही परिषद स्थापन केली. या सगळ्याचा भर पडद्यावर काय दिसलं यावर आहे. काचेमागे काय घडलं, स्पर्धकाच्या मनावर काय परिणाम झाला, हे प्रश्न बहुतेक वेळा करार आणि निर्माते यांच्यातच राहतात.

म्हणून 'स्क्रिप्टेड आहे का?' या प्रश्नापेक्षा तीन प्रश्न जास्त कामाचे आहेत. ही क्लिप सुरू होण्याआधी काय झालं होतं? या दोघांना समोरासमोर कोणत्या टास्कने आणलं? आणि यातलं किती कापलं गेलं असेल? ट्रोलिंग करायला कीबोर्डवर बोटं जाण्याआधी एवढं विचारलं, तरी त्या क्लिपमधला 'व्हिलन' पर्व संपल्यावर घरी परततो, त्यालाही घरचे असतात आणि त्याच्याही हातात फोन असतो, हे लक्षात राहील.