होम थिएटर प्रोजेक्टर

होम थिएटर प्रोजेक्टर किंवा गृहचित्रगृह प्रक्षेपक हे घरातील पडद्यावर अथवा भिंतीवर चित्रपट, क्रिकेटचे सामने इत्यादींचे मोठे चित्र पाडणारे उपकरण आहे. ४३ इंची दूरचित्रवाणी संचाच्या तुलनेत १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ पाच पटींहून अधिक असते. प्रोजेक्टरची निवड मुख्यतः खोलीतील अंधार, खोलीची लांबी व वीजपुरवठा यांवर अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांसारख्या उष्ण, कोरड्या भागात उन्हाळा आणि धूळ यांचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या पडद्यावरचा चित्रपट गावोगावी नेला तो जत्रा-यात्रांतील तंबू सिनेमाने. ट्रकमधून आणलेल्या ३५ मिमी प्रक्षेपकावर होणारे हे खेळ दिवस मावळल्यानंतरच सुरू होत, कारण तंबूच्या कापडातून उजेड झिरपे. या व्यवसायाचा उतरता काळ आणि त्याचे डिजिटल यंत्रांकडे वळणे शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात टिपले आहे. यंत्र बदलले, अंधाराची अट मात्र घरातही कायम आहे.

अंधार व प्रकाशमान

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथे पडदा जसा दिसतो, तोच चित्रातील काळा रंग असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत पांढरी भिंत पांढरीच दिसते, त्यामुळे रात्रीचे दृश्य धुरकट राखाडी होते. अधिक प्रखर प्रोजेक्टर घेतल्याने ही उणीव काही अंशी झाकली जाते, जाड पडद्यांनी ती बरीचशी नाहीशी होते, आणि पडदे पुष्कळ स्वस्त पडतात.

यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेन या एककात मोजतात. डिजिटल चित्रपटगृहांसाठी पडद्यावरील तेजाचे प्रमाण दर चौरस मीटरला ४८ कँडेला मानले जाते. १०० इंची पडद्याचे (१६:९) क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौ.मी. असल्याने, साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर एवढे तेज येण्यास पूर्ण अंधारात जेमतेम ४२० ल्युमेन पुरतात. चित्रपटासाठीच्या मोडमध्ये प्रकाश घटतो व दिवा जुना होत जातो, हे धरून १,००० ते १,५०० खरे ल्युमेन असलेले यंत्र अंधाऱ्या खोलीस पुरेसे ठरते.

येथे 'खरे' हा शब्द महत्त्वाचा आहे. एएनएसआय पद्धतीत पडद्यावरील नऊ ठिकाणी मोजणी करून सरासरी काढतात. आयएसओ २१११८ हे मानकही याच कामासाठी आहे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर मात्र कोणत्याही मानकाचा उल्लेख न करता ८,००० किंवा १०,००० ल्युमेन छापलेले आढळतात. त्यांवर विसंबून खरेदी करू नये. तसेच '४के सपोर्ट' याचा अर्थ यंत्र ४के संकेत स्वीकारते एवढाच होतो. पडद्यावर दिसणारे चित्र १२८० × ७२० बिंदूंचेही असू शकते. माहितीपत्रकातील 'नेटिव्ह' रेझोल्यूशन पाहावे.

दिवसा अंधार करता येत नसेल तर मोठा दूरचित्रवाणी संच घेणे श्रेयस्कर. असे संच शिरूर तालुक्यातच, रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एलजीच्या कारखान्यात तयार होतात.

खोलीची लांबी

पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, या गुणोत्तरास थ्रो रेशो म्हणतात. १०० इंची चित्राची रुंदी २.२१ मी. असते. १.२ थ्रो रेशोच्या यंत्रास त्यासाठी सुमारे पावणेनऊ फूट, तर १.५ च्या यंत्रास जवळपास अकरा फूट अंतर लागते. म्हणजे दहा फुटी खोलीत दुसरे यंत्र निरुपयोगी. छताला टांगताना पंख्याची पाती प्रकाशझोतात येत नाहीत ना, हे आधी तपासावे. यंत्र तिरके ठेवून कीस्टोनने चित्र सरळ केल्यास बिंदू वाया जातात.

वीज, उष्णता व धूळ

पारंपरिक दिव्याचे यंत्र बंद केल्यावरही त्याचा पंखा काही वेळ फिरत राहून दिवा थंड करतो. वीज अचानक गेल्यास हे घडत नाही व दिव्याचे आयुष्य घटते. भारनियमन होत असलेल्या भागात म्हणून यूपीएस जोडावा अथवा एलईडी किंवा लेझर प्रकाशस्रोताचे यंत्र घ्यावे. लेझरचे आयुष्य साधारणतः २०,००० तास सांगितले जाते, दिव्याचे काही हजार तास.

बहुतेक यंत्रे ३५ ते ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. एलसीडी प्रकारात हवेची जाळी नियमित साफ करावी लागते. आत शिरलेली धूळ चित्रात डागांच्या रूपाने दिसते. एका चिपच्या डीएलपी यंत्रांत प्रकाशमार्ग बहुधा अधिक बंदिस्त असतो, परंतु त्यांच्या फिरत्या रंगचक्रामुळे काही प्रेक्षकांना क्षणभर इंद्रधनुषी कडा दिसतात. घरातील सर्वांनी एकदा चालू यंत्र पाहून मगच हा प्रकार निवडावा.